विद्यापीठाला लागलेला फोन

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी पाथर्डीला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि जोडीला हुलग्यावर, म्हणजे कुळथावर, पीएच.डी. करत होते. इतक्या कमी पाण्यात हुलगा तग कसा धरतो, हा माझा विषय. त्यावरची परदेशी नियतकालिकं मात्र फक्त पुण्याला, विद्यापीठाच्या ग्रंथालयात. रजा टाकून एसटीनं जायचं, दिवसभर पानं उलटायची आणि मिळेल त्याच्या झेरॉक्स घेऊन परतायचं.

एका खेपेला तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "घरी फोन आहे ना? मग कॉम्प्युटर फोनला जोडणारं मॉडेम घ्या. काही नियतकालिकं आम्ही आता कॉम्प्युटरवर घेतलीत. तुम्हाला पासवर्ड देते, घरी बसून वाचा. फक्त तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

कॉम्प्युटर प्रबंधासाठी घेतलेला होता. घरी फोनही होता, पण तो आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. जामखेडला दिलेली त्यांची लेक दर रविवारी, चर्चला निघायच्या आधी फोन करायची. त्यासाठीच तो घेतलेला. पहिल्यांदा मॉडेम शिट्ट्या मारायला लागलं, तेव्हा आईंनी आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि लाईन तुटली.

"कोन किंचाळतंय गं हे?"

"ग्रंथालय आहे, आई."

"बरं हाय," म्हणून त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

एका रविवारी पहाटे मला हुलग्याच्या मुळांवरचा एक लेख सापडला. ओळी मुंगीच्या पावलांनी पडद्यावर उतरत होत्या. मी वाचत राहिले. फोनची वेळ कधी टळली, माझ्या ध्यानातच आलं नाही. मग घाईघाईनं आवरून आम्ही चर्चला गेलो.

दुपारी दारात जीप थांबली. नणंद उतरली ती रडतच.

"आई, बरी हायेस ना? सकाळी सारखा एंगेज, नंतर कुनी उचलीना. म्हटलं, फोन हातात घेऊनच पडली का काय!"

"मला काय धाड भरलीय? फोन विद्यापीठाला लागला हुता. तुझी वहिनी हुलगा वाचत हुती."

नणंद आधी माझ्याकडं बघत राहिली, मग डोळे पुसता पुसता हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ती म्हणाली, "आता आलेच हाय, तर दाव तरी काय वाचतीस."

मी पुन्हा फोन जोडला. दोघी माझ्या मागं उभ्या राहिल्या. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ऑस्ट्रेलियात हुलगा जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात, हे ऐकून आई अडल्या.

"जनावरांना आमीबी घालतो. पन मानसं खात न्हाईत व्हय तिकडं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग लिहून कळीव त्यांला."

त्या संध्याकाळी त्यांनी हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं केलं. नणंद दोन दिवस राहिली. जाताना तिनंच ठरवून टाकलं, की इथून पुढं ती शनिवारी संध्याकाळी फोन करणार. रविवारची सकाळ माझी.

ती सकाळ पुढं सगळा प्रबंध होईपर्यंत माझीच राहिली. पुण्याला जाणं फार कमी झालं. मी वाचत बसले, की आई चहाचा कप शेजारी ठेवायच्या आणि पडद्याकडं बघत विचारायच्या, "आज काय म्हनत्यात?"