काचेतले सुरेंद्रकाका

चिंचवडगावात चापेकर चौकातून आत वळलं की डाव्या हाताला आमचं साड्यांचं दुकान होतं. आता तिथे मोबाईल विकतात. दुकानाला रस्त्याच्या बाजूने दोन मोठ्या काचा होत्या आणि काचांमागचं सगळं राज्य सुरेंद्रकाकांचं होतं. पुतळ्यांना साड्या नेसवायच्या, पदर सोडायचे, कोणत्या दिवसांत कोणता रंग पुढे आणायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. बाबा मालक खरे, पण काचेत काय लावायचं यात ते पडत नसत. एकदा पडून पाहिलं होतं म्हणे. काकांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं आणि आपल्याला हवं तेच लावलं.

काका मूळचे कुरुळीचे. तिथे कारखाने यायच्या कितीतरी आधीचे. त्यांच्या आईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, त्यामुळे अकराव्या वर्षापासून तेच आईला नऊवारी नेसवायचे. गावातली पोरं चिडवायची. काका ते सांगताना हसायचे. "चिडवंनात का. आई झ्याक नेसून देवळात जायाची. बाया तिला इचारायच्या, कुणी नेसवलं म्हून." पुढे ते चिंचवडला आले, आमच्या दुकानात घड्या घालायच्या कामाला लागले आणि वर्षभरात काचेत शिरले ते कायमचे.

मी शाळेतून आले की दप्तर गल्ल्यामागे टाकून काचेच्या कडेला बसायची. काका तोंडात टाचण्या धरून काम करायचे, त्यामुळे बोलणं हुंकारांत. रंगांची नावं मी शाळेत नाही, त्यांच्याकडे शिकले. मोतिया, आमसुली, गुलबक्षी, शेंदरी. चित्रकलेच्या बाईंनी एकदा विचारलं, हा कोणता रंग? मी म्हटलं, चिंतामणी. त्यांनी निळा म्हण असं सांगितलं. काकांना हे कळलं तेव्हा ते बाईंवर चार दिवस नाराज होते.

काचा बदलायचा दिवस गुरुवार. त्यालाही कारण होतं. त्या काळी औद्योगिक वसाहतीत गुरुवारी वीज नसायची, म्हणून भोसरीतल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. सुरेंद्रकाकांसोबत राहणारे जयदीपकाका भोसरीत लेथवर काम करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी दहाच्या सुमाराला आमच्या दुकानासमोर फुटपाथवर येऊन उभे राहायचे. उंच, सावळे, लातूरकडचे. आतून काम करणाऱ्याला बाहेरून काच कशी दिसते ते कळत नाही. ते जयदीपकाका सांगायचे. तोंडाने नाही, कारण काचेतून आवाज येत नसे. हाताने. जरा डावीकडे. पदर वर. अजून वर. बास. मग पंजा उघडून थांबायचे आणि आतले काका मान डोलवायचे. एखादी निरी वाकडी असली तर जयदीपकाका स्वतःच्या शर्टाची कड वाकडी करून दाखवायचे. मी दोघांच्या मध्ये बसून हा मुका खेळ बघत राहायची. तासाभरात काच तयार झाली की तिघांना चहा यायचा, माझा अर्धा कप.

सगळे जयदीपकाकांना सुरेंद्रकाकांचे रूम पार्टनर म्हणायचे. आमच्या भागात या शब्दाचं कुणाला काही वाटत नसे. कंपन्यांमध्ये कामाला आलेली निम्मी माणसं एकेका खोलीत पाच-पाच जण राहायची, सगळेच एकमेकांचे रूम पार्टनर. या दोघांची ओळखही अंबुबाईंच्या खाणावळीतली. फरक एवढाच की बाकीच्यांची लग्नं झाली, घरं झाली, ते पांगले. हे दोघं त्याच दोन खोल्यांत राहिले. दिवाळीला आमच्याकडे त्यांचा डबा यायचा, त्यात जयदीपकाकांच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू असायचे. आई डबा परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायची आणि म्हणायची, "दोघांना पुरेल बघ." एवढंच. माझ्या आईला किती कळलं होतं, हे मी तिला विचारायला हवं होतं. आता ती नाही.

एक दिवस मात्र मला स्पष्ट आठवतो. २०१८चा सप्टेंबर. गणपती अजून यायचे होते. मी तेव्हा दुकानात बाबांच्या जोडीला बसायला लागले होते. जयदीपकाका कंपनीच्या गणवेशातच, पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आले. गुरुवार होता, पण तोवर गुरुवारची सुट्टी बऱ्याच ठिकाणी बंद झाली होती. ते अर्धी शिफ्ट टाकून आले होते. बाबांनी विचारलं, "काय हो, कशाचे पेढे?"

"असंच," ते म्हणाले. "आमच्याकडे आनंद आहे."

सुरेंद्रकाका काचेत पाठमोरे बसले होते. त्यांनी पेढा घेतला, पण वळले नाहीत. संध्याकाळी घरी बातम्या लागल्या, दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं प्रेम हा आता गुन्हा नाही, असा न्यायालयाचा निकाल आला होता. बाबांनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "पेढे चांगले होते." नंतर कधीही हा विषय निघाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात जयदीपकाका गेले. कामावर छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. लातूरहून पुतणे आले आणि त्यांना गावी घेऊन गेले. सुरेंद्रकाका त्याच गाडीत मागच्या बाजूला बसून गेले. दहाव्यापर्यंत तिकडे राहिले, आलेल्यांना चहा-पाणी दिलं. परत आल्यावर बाबांनी भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळं रीतीनं झालं. गावात मोठा फ्लेक्स लावला हुता. खाली समद्यांची नावं. भाऊ, भावजय, पुतणे, भाचे." मग थांबून म्हणाले, "आन् शेवटाला मित्रपरिवार." बाबांनी त्यांचा हात धरला. मी पहिल्यांदाच बाबांना कुणाचा हात धरताना पाहिलं.

त्यानंतर काकांनी काचेचं काम सोडलं. डोळ्यांना दिसत नाही असं कारण दिलं. दोन वर्षांत बाबाही थकले, दुकान विकलं, आणि मी निगडी प्राधिकरणात हातमागाच्या कापडाचं छोटं दुकान काढलं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या ओळीतला मिहिर माझ्याकडे आला. त्याचं कॉफीचं दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमधलं. म्हणाला, "जून हा प्राईडचा महिना, समलिंगी लोकांच्या अभिमानाचा. आपल्या ओळीतल्या दुकानांनी काचा सजवाव्यात असं मनात आहे. इंद्रधनुष्याचे सहा रंग. कुणावर जबरदस्ती नाही." केकचं दुकान चालवणारी सना लगेच तयार झाली. चष्मेवाले तयार झाले, पुस्तकांचं दुकान तयार झालं. बाकीच्यांनी बघू म्हणून सांगितलं. मीही हो म्हटलं. खरं सांगायचं तर फार विचार करून नाही. सगळी ओळ सजली तर बरं दिसेल, इतकंच डोक्यात होतं.

मग मी काच सजवायला बसले आणि ते काही जमेना. क्रेपच्या पट्ट्या लावल्या तर वाढदिवसाची खोली दिसायला लागली. तेव्हा मला काकांची आठवण झाली. फोन केला. काच सजवायची आहे, याल का, म्हटलं. कशासाठी ते फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

ते दुसऱ्या दिवशी बसने आले. अडुसष्ट वर्षांचे, बारीक झालेले, पण सदरा कडक इस्त्रीचा. पट्ट्यांकडे बघून म्हणाले, "हे काढ आदुगर. आन् कशाचं हाय सांग. लगीनसराई तर सरली."

मी सांगितलं. प्राईड म्हणजे काय, तो महिना कुणाचा, सहा रंग का. सांगताना माझीच जीभ अडखळत होती. ते स्टुलावर बसून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आन् ही समदी दुकानं लावनार? उघड्यावर?"

"सगळी नाही. सहा-सात."

"तुला कुणी काय बोललं तर?"

"बोलतील कदाचित."

ते उठले. "सुती साड्या काढ. रेशीम नगं, रेशीम चकाकतं, रंग दिसत न्हाई. लाल कुंकवाचा काढ. दुसरा शेंदरी. पिवळा हळदीचा, लिंबाचा न्हाई."

दुपारभर ते काचेत होते. छताच्या दांडीवरून त्यांनी सहा साड्या सोडल्या, प्रत्येकीच्या निऱ्या चिमटीत धरून, वर घट्ट आणि खाली पसरत जाणाऱ्या. चिन्ह नाही, पाटी नाही. निळ्यापाशी आले तेव्हा काचेतूनच त्यांनी मला बोटाने खूण केली, बाहेर जा. मी फुटपाथवर जाऊन उभी राहिले. आवाज येत नव्हता. मी हात वर केला, डावीकडे नेला, मग पंजा उघडून थांबवला. काकांनी मान डोलवली आणि जांभळ्या साडीकडे वळले. मला पुढचं नीट दिसेना, म्हणून मी चष्मा पुसला.

काच लोकांना आवडली. सगळ्यांना नाही. समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ येऊन म्हणाले, इथून लहान मुलं जातात-येतात. मी म्हटलं, साड्याच आहेत काका. ते पुटपुटत गेले. चष्मेवाल्यांनी तिसऱ्या दिवशी आपली सजावट उतरवली. घरून सांगितलं, म्हणाले. त्यांच्यावर कुणी रागावलं नाही.

सुरेंद्रकाका मात्र रोज यायला लागले. निऱ्या सैल होतात, बघायला हवं, असं निमित्त. एका सकाळी ते स्टुलावर बसलेले असताना पद्मजाबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, जुन्या दुकानापासूनचं आमचं गिऱ्हाईक. दारातच थबकल्या. "सुरेंद्रभाऊ, तुम्ही होय. मी बाहेरून म्हटलं, या निऱ्या ओळखीच्या आहेत."

"या बाई."

"आणि तुमचे ते रूम पार्टनर? उंच होते ते. बाहेर उभं राहून हातवारे करायचे."

"गेले. सहा वर्षं झाली."

"अरेरे. मला कळलंच नाही."

काकांनी मांडीवरची घडी सारखी केली. मग म्हणाले, "बाई, ते रूम पार्टनर न्हवते. आमी तसं सांगायचो. तीस वर्षं एक घर हुतं आमचं. माझं मानूस हुतं ते."

मी कपाट उघडलं होतं, ते तसंच धरून उभी राहिले. पद्मजाबाई आत आल्या. खुर्ची ओढून बसल्या. पर्स मांडीवर ठेवली.

"तीस म्हणजे पुष्कळ झाली," त्या म्हणाल्या. "आमची सव्वीसच झाली. हे गेले तेव्हा लेक बारावीत होती." मग काकांकडे बघून विचारलं, "रात्रीचं जेवण करता का नीट? मी पहिली दोन वर्षं नुसत्या दूध-पोळीवर काढली."

"आता करतो," काका म्हणाले. "आदुगर न्हाई व्हायचं."

त्यांनी अर्धा तास गप्पा मारल्या, बहुतेक एकट्या माणसाला किती पीठ मळावं याच्या. जाताना बाईंनी हिरव्या इरकलीवर जाणारा खण घेतला. रंग काकांनीच निवडून दिला. त्या गेल्यावर काका दाराकडे बघत बसले.

"इरा, बाईंना नीट ऐकायला येतं ना?"

"येतं काका. चांगलं येतं."

"बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. एरवी ते वाटेत फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या सुरू झाले. जयदीपला पोहता येत नव्हतं, पण इंद्रायणीच्या काठाला बसायला फार आवडायचं. तो झोपेत लेथच्या मापांचे आकडे बोलायचा. त्याला कारलं आवडायचं आणि ह्यांना नाही, म्हणून तीस वर्षं कारल्याच्या दिवशी घरात दोन भाज्या व्हायच्या. एकदा भांडून तो लातूरला निघून गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला, म्हणाला, गाडीत जागा नव्हती. काका ते सांगताना इतके हसले की शेजारी बसलेल्या मुलीने मोबाईलमधून मान वर केली. मी त्यांना आजवर एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

चिंचवडगावची एक बस आली आणि गेली. मग दुसरी गेली. तिसरी दिसली तेव्हा काका गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले.

"काका, हीपण जाऊ दे," मी म्हटलं. "जयदीपकाका लातूरहून परत आल्यावर काय झालं ते सांगा."

ते पुन्हा बसले.