गुरुजी गेले

चहा घ्या, तोवर माझी एक फजिती सांगतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेली बरी, कारण लोकांनी तिच्यात आता बरीच भर घातली आहे.

मी जुन्नरला कॉलेजात पत्रकारिता शिकवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवतो म्हणजे काय, अकरा वर्षं एकच वाक्य बोलतोय: बातमी द्यायच्या आधी दोन ठिकाणी विचारा. मुलं ते वहीत लिहून घेतात आणि बाकाखाली मोबाइलवर एकमेकांना बिबट्याचे फोटो पाठवतात. फोटो दुसऱ्याच राज्यातला, खाली नाव आपल्या गावाचं. पूर्वी मी चिडायचो. आता खडू ठेवतो आणि हजेरी घ्यायला लागतो.

तर आमच्या विभागाच्या कार्यक्रमाला शिनोलीच्या मारुती गुरुजींना बोलवायचं ठरलं. शाळेत मला मराठी शिकवलं ते त्यांनी. आता ऐंशीच्या घरात, एकटेच राहतात. त्यांना फोन लावला तर कुणी उचलेना. मग त्यांच्या शेजारी पिठाची गिरणी चालवणाऱ्या शांतारामला लावला. गिरणी चालूच होती.

"गुरुजी आहेत का रे?"

"गुरुजी गेलं की, सर. सकाळीच."

असे अचानक कसे गेले, म्हणून विचारलं.

"अचानक कशाचं? आठ दिस नुसतं जातो जातो चाललं व्हतं. आज गेलं एकदाचं."

"त्रास नाही ना झाला?"

"नाय वो. खिडकीपाशी बसून निवांत गेलं."

पुढे तो आणखी काहीतरी सांगत होता, पण तिकडे गिरणीची घरघर आणि इकडे माझे डोळे भरून आलेले. मी फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, यात शंका घ्यायला जागा होती का? मला तर दिसली नाही.

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी दुपारी सगळं कॉलेज दोन मिनिटं उभं केलं. मी चार शब्द बोललो. सगळे पांगल्यावर घाटघरची सायली जवळ आली. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, गरीब स्वभावाची मुलगी. हळूच म्हणाली, "सर, दुसऱ्या ठिकाणी विचारलं का?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं वाक्य वापरलं होतं. आणि मी तिला काय म्हणालो? असल्या वेळी असले प्रश्न विचारू नयेत, माणसाला काही संवेदना असावी. पोरगी खाली मान घालून गेली.

मग मी पाचशे शब्दांचा श्रद्धांजलीचा लेख लिहिला आणि इथल्या एका पेपरला पाठवला. तिथला उपसंपादक माझाच विद्यार्थी. बातमी पक्की आहे ना, एवढंच त्यानं विचारलं. मी देतोय म्हटल्यावर पक्कीच, असं मी म्हणालो. त्यानंही पुढे कुणाला विचारलं नाही. शेवटी माझ्याच हाताखाली शिकलेला.

दुसऱ्या दिवशी लेख छापून आला. मी सकाळीच मोठा हार घेतला, मोटारसायकलला अडकवला आणि घोडेगाववरून शिनोली गाठली. गिरणीच्या दारात शांताराम उभा. हाराकडे बघून म्हणाला, "काय सर, गुरुजींचा सत्कार हाय का?"

मी ओट्याकडे पाहिलं. गुरुजी खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

मग सगळा उलगडा झाला. चष्म्याचा नंबर वाढला होता म्हणून आठ दिवस पुण्याला जातो जातो म्हणत होते. काल सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. गडबडीत मोबाइल घरी विसरला. संध्याकाळी नवा चष्मा लावून परत आले.

"नव्या चष्म्यातून पहिलं काय वाचलं, तर हे," गुरुजी म्हणाले. "सकाळपासून तू पाचवा. हार आण इकडे, वाया कशाला घालवतोस?" आणि तो त्यांनी स्वतःच दारावर लावला.

मी पाय धरायला वाकलो, तर त्यांनी पेपर पुढे केला. लेखावर लाल पेनानं खुणा केलेल्या. तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं. शेवटी एका अख्ख्या ओळीखाली रेघ.

"मेलो ते सोड," ते म्हणाले. "गिरणीच्या आवाजात तसं ऐकू येऊ शकतं. पण ही ओळ वाच. 'दर महिन्याला मी न चुकता गुरुजींच्या भेटीला जात असे.' ही तुला कुणी सांगितली?"

त्या ओट्यावर मी नऊ वर्षांनी पाय ठेवला होता.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आत जाऊन स्वतः चहा टाकला, बशीत बिस्किटं काढली, आणि मुलं कितवीत आहेत ते विचारलं. मला एकच मुलगा आहे, आणि तो नोकरीला लागून दोन वर्षं झाली.

सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर सायलीची माफी मागितली. पेपरात दोन ओळींचा खुलासाही आला: गुरुजी हयात आहेत, चुकीबद्दल दिलगीर आहोत. तो मीच लिहून दिला होता. भेटीच्या ओळीबद्दल त्यात काही घालायचं मात्र मला सुचलं नाही.