माझ्या आवाजातली तिची माय

आमच्या विभागाचा एक नियम आहे. त्याला मी आज काडी लावायला तयार आहे. फिल्मची अंतिम प्रत जमा झाली, रजिस्टरवर सही झाली, की मेमरी कार्ड पुसून मोकळं करायचं आणि कॉम्प्युटरवरच्या मूळ फायलीही उडवायच्या. कार्डं दोनच, पोरं ढीगभर. यवतमाळच्या एका कॉलेजात मी माध्यमं शिकवते, आणि हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला.

झरी जामणीकडच्या कोलामांच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, एक मुलगी आमच्याकडे शिकायला होती. शेवटच्या वर्षाची फिल्म तिनं आपल्या मायवर केली. माय बांबूच्या टोपल्या विणते आणि विणता विणता कोलामीत बोलते. बांबू चिरला की प्रत्येक कामटीला वेगळं नाव. बुडाची वेगळी, आडवी जाते ती वेगळी, काठाला दाबून बसवतात ती वेगळी.

"मॅडम, हे नावं आता पोडातल्या पोराइले बी येत नाही. फिल्म त्याच्यासाठीच हाय," ती म्हणाली होती.

मायची अट एकच. आधी आमच्या चावडीत दाखवा, मग कुठंही न्या. तिच्या अंगणात कोरा चहा पीत मी मोठ्या तोंडानं हो म्हटलं होतं.

मग कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली. विभागप्रमुखांनी फिल्म पाहिली. "छान आहे हो, पण समितीला काय कळणार? वरून मराठी आवाज टाका."

"सर, खाली मराठी अक्षरं देऊ ना."

"अक्षरं कोण वाचतं, मॅडम? तुमचा आवाज किती शुद्ध आहे. तुम्हीच वाचा."

शुद्ध! आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. लहानपणी तोंडून 'मले' निघालं की आई डोळे वटारायची. त्या शुद्धपणाचा आज मले संताप येतो. पण खोटं कायले बोलू, तेव्हा मी सुखावले. मुलीला सांगितलं, मायचा आवाज खाली हळू चालू राहील, वरून माझा. ती गप्प बसली. तो मी होकार धरला. सरांनी लिहून दिलेल्या कागदात सगळ्या कामट्यांना एकच शब्द होता, पट्टी. तो मी न अडखळता वाचला.

अंतिम प्रत सरांनी स्वतः तयार करून घेतली. मी ऐकली नाही. घाई होती. सही केली, कार्ड पुसलं आणि नियमाप्रमाणे कॉम्प्युटरवरच्या फायलीही उडवल्या.

समितीसमोर पडद्यावर मायचे ओठ हलत होते आणि हॉलमध्ये फक्त माझा आवाज घुमत होता. खाली काहीच नाही. दिग्दर्शक म्हणून सरांचं नाव. मुलगी 'सहाय्य' या शब्दाखाली, बारीक अक्षरात. टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर व्हरांड्यात सरांना गाठलं.

"तिचा आवाज कुठे आहे, सर?"

"अहो, दोन आवाजांचा गलका होत होता. काढला. मूळ आहेच ना कार्डावर."

"कार्ड पुसलं मी!"

"मग सही करायच्या आधी ऐकायचं होतं, मॅडम. आणि त्यात काय, परत शूट करा."

परत शूट करा म्हणे! एका बाईनं दोन दिवस जीव ओतून सांगितलेलं, आणि हे असं बोलतात की जणू चहा सांडला, दुसरा आणा. मी सरांना तिथंच नको नको ते बोलले. त्याचा मले पश्चात्ताप नाही. जळतं ते इतकंच की सहीबद्दल ते बरोबर बोलले होते.

मुलगी रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "मायले कबूल केलं हाय. दाखवा तर लागते."

त्या आठवड्यातच आम्ही पोडावर गेलो. चावडीत चादर बांधली. सगळं पोड जमलं. फिल्म सुरू झाली तशी माय कौतुकानं पुढे सरकली, आणि थोड्याच वेळात तिचं हसू मावळलं.

"हे कोन बोलून राह्यली?"

मुलगी माझ्याकडे बघेना. मीच म्हटलं, "मी. तुमचा आवाज पुसला गेला. माझ्या हातून. आणि ही आधी तिकडे कॉलेजात दाखवली."

वाटलं, शिव्या घालील. घालायला पाहिजे होत्या. ती उठली, कोपऱ्यातल्या अर्धवट टोपलीतून एक कामटी ओढून माझ्या हातात दिली.

"याले काय म्हणते?"

पडद्यावर माझा आवाज खणखणीत चालूच होता. मला एकच शब्द येत होता, आणि तो तिच्यासमोर तोंडातून निघेना.

"नाही येत," मी म्हणाले.

"मंग माह्या तोंडानं काहून बोलली?"