जनाबाईच्या शब्दावर

मोर्च्यात पोलीस दिसले की जनाबाई आधी स्वतः रस्त्यावर बसायची. मग मागं वळून हात खाली करायची, आणि सगळ्या बाया मुकाट बसायच्या. "बसल्या मानसावर कोन हात टाकील? त्यालाबी आय असंलच ना," हे तिचं ठरलेलं वाक्य.

ती पेठ तालुक्याकडच्या डोंगरातली. आज्यापासून कसत आलेली नागली-नाचणीची जमीन वनखात्याच्या कागदावर होती. ती नावावर करा, एवढंच मागायला नव्वदच्या दशकात ती वरचेवर बाया घेऊन नाशिकला कलेक्टर कचेरीवर यायची. मी नुकताच वकिली करू लागलो होतो, त्यांचे अर्ज लिहून द्यायचो. मला शेजारी बसवून भाकरी हातावर ठेवायची आणि म्हणायची, "वकीलदादा, कोरट उभं ऱ्हायला शिकवतं, मी बसायला शिकवते."

एका वर्षी तिची जाऊ काशी मोर्च्याला यायला तयार नव्हती; पोलिसांना फार भ्यायची. जनाबाईनं तिला समजावून आणलं आणि पहिल्या रांगेत आपल्याजवळ बसवलं. दुपारी रस्ता मोकळा करण्याचा हुकूम आला. साहेबांना भेटून उठतो, असं जनाबाई हात जोडून सांगत असतानाच लाठ्या सुरू झाल्या. उभ्या असत्या तर बायांना पळता तरी आलं असतं. बसलेल्या होत्या, म्हणून घाव सरळ डोक्यावर पडले. काशीचा डावा डोळा गेला. जनाबाईला साधं खरचटलंही नाही.

दगडफेक झाल्यानं बळ वापरावं लागलं, असं सरकारनं सांगितलं. तिथं हजर असलेल्या कोणीही दगड पाहिला नव्हता. गुन्हा मात्र बायांवर लागला, पोलिसांवर हल्ला केल्याचा, काशीवरसुद्धा. दर तारखेला जनाबाई तिचा हात धरून कोर्टाचा जिना चढायची. काशीनं तिला कधी बोल लावला नाही. "एकदा शिव्या देती तं बरं झालं असतं," जनाबाई मला म्हणाली होती.

खटला रेंगाळला. काशी तापानं गेली. गावातली तरुण मंडळी नव्या मोर्च्यासाठी बोलवायला आली, तेव्हा जनाबाईनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "मागनी खरी हाय, जा तुमी. पन मी आता कोनाला चल म्हननार नाय."

दोन हजार साल उलटून गेल्यावर निकाल लागला. सगळ्या निर्दोष सुटल्या. बाहेरच्या पायरीवर जनाबाईनं मला विचारलं, "मंग काशीलाबी सोडलं का?"

माणूस मेलं की त्याच्यावरचा खटला तिथंच बंद होतो, त्याचा निकाल लागत नाही, असं मी सांगितलं.

"मंजी तिनं काय केलं नव्हतं, असं कोनीच बोललं नाय."

तिनं पदर सावरला आणि बाकीच्या बायांसाठी न थांबता एकटीच एसटी स्टँडकडं निघाली. त्यानंतर ती नाशिकला आली नाही.