दादाच्या घरातली वायर

बाजारात त्याला सगळे जाड वायरीच्या मापावरून ‘चार एमएम’ म्हणत. वायरमन म्हणून कुठेही गेला तरी याचं पालुपद एकच, “वायर जाड घ्या.” उगाच नाही म्हणायचा. या लाइनवर काय काय चालणार, अंतर किती, पाइप उन्हात तापतो का, सगळं विचारून मगच जाडी सांगायचा. गिऱ्हाइकांना एवढा घोळ नको असे. कामं आटली. लग्नाचंही राहूनच गेलं. एका खोलीत एकट्याचं बिऱ्हाड.

थोरल्या भावाने घर बांधलं तेव्हाही तेच.

“दादा, एसीला दीडची वायर चालायची नाही. पाइप पत्र्याखालून जातोय, त्यात आणखी वायरी कोंबल्यात. चारचीच हवी.”

“तुला मेल्या सगळीकडे आगच दिसते!”

दादाने काम दुसऱ्याला दिलं. अबोला धरला तो अकरा वर्षं.

मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, भिंतीतून जळका वास येतोय. याल का?”

तो तसाच निघाला. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर वायरीवरचं प्लास्टिक करपून हातात तुटून येत होतं.

“एमसीबी सारखा पडायचा,” वहिनी म्हणाल्या, “म्हणून मोठा बसवून घेतला.”

सोळा अँपिअरच्या जागी बत्तीसचा! वायर जळाली असती, तरी वीज तोडायला हा पडला नसता. ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द त्याने ओठांवरूनच परत गिळले.

पाइपातून वायर ओढायला दोन माणसं लागतात. तो इतकी वर्षं शिडीवर चढउतार करत एकट्यानेच निभावत आला होता. इथेही तेच चाललं होतं. आतल्या खोलीतून दादा उठून आला आणि वायरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

“ओढू?” दादाने विचारलं.

“सावकाश. थांब... हां, आता ओढ.”

त्या दिवशी दोघं बोलले ते एवढंच.

चारची वायर आणि वीसचा एमसीबी बसला. तासभर एसी चालवून, मेन पाडून त्याने वायर चाचपली. गार होती.

“येत जा हो अधूनमधून,” वहिनी म्हणाल्या. दादा टीव्हीकडे बघत होता.

“बघू,” तो म्हणाला.

पुन्हा फोन आला नाही. एका रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. हत्यारांची पिशवी बरोबर नव्हती. कशाला आलास विचारलं तर काय सांगावं, सुचेना. थोडा वेळ थांबला आणि माघारी फिरला.