झोळीतली गप लेकरं

हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, देवापुढं बी न्हाई. तुम्हाला सांगते, पण आधीच बजावते — मान खाली घालून सांगणार न्हाई. म्हातारी झाले म्हणून गरीब गाय झाले असं समजू नका.

तालुक्यातले दारूवाले मला वळखून हायती. बाया गोळा करून म्या त्यांची पिंपं रस्त्यावर उपडी केली. शाल मिळाली, नारळ मिळाला. पोरी पाया पडतात. पडू द्या. पण नशा काय असती, हे मला त्या पिंपांनी शिकवलं असं वाटतंय का तुम्हाला?

लातूर नवा जिल्हा झाला होता, आन आभाळ कोरडं होतं. अहमदपूरच्या अलीकडं, आमच्या गावाला तलावाचं दुष्काळी काम निघालं. बाया माती वाहायच्या. त्यांची तान्ही लेकरं सांभाळायला मुकादमानं मला लिंबाखाली बसवलं. लुगड्याच्या झोळ्याच झोळ्या. एक रडलं की सगळी रडायची, आया टोपली टाकून पळत यायच्या, आन मुकादम माझ्यावर खेकसायचा.

आमच्याकडं जुनी रीत होती — कामाच्या दिवसांत लेकराला तिळाएवढी अफू दुधात उगाळून चाटवायची. माझ्या सासूनं बी चाटवली. पण रीत म्हणून मला सोडून देऊ नका. सासूनं आपल्या लेकराला दिली. म्या दुसऱ्यांच्या लेकरांना दिली — त्यांच्या आयांना न विचारता.

आन चाटवली की लेकरं गप. मुकादम म्हणायचा, हिच्या हाताला गुण हाय. लई गोड लागायचं ते. खोटं कशाला बोलू? पोटासाठी केलं म्हणता आलं असतं, पण पोट रोजावर भरतच होतं. मला शाबासकी पाहिजे होती.

बाजाराच्या दिवशी काम बंद. त्या दिवशी लेकरं घरी तळमळायची, नाकं गळायची, अंगावर घेतलं तर तोंड फिरवायची. बाया हसून म्हणायच्या, तुझा लळा लागलाय गं. लळा कुठला — तलफ होती ती. दात न आलेल्या लेकरांना म्या तलफ लावली. आन तेवढ्यानं भागंना, म्हणून वाढवत गेले.

मग एक दिवस साहेब काम बघायला येणार म्हणून मुकादमानं सांगितलं, रडारड नको. कौसल्या — माझी धाकटी जाऊ — न्याहारीला उन्हातून येऊन लेकीला पाजून गेली होती. तरी लेक किरकिर करतच राहिली. म्या तिला दुसऱ्यांदा चाटवलं. साहेब आला, झोळ्या बघून खूश होऊन गेला. दुपारी कौसल्या पाजायला आली. लेक उठली न्हाई.

म्या सगळ्यांदेखत म्हणाले, "उन्हातून आलीस आन तसंच पाजलंस. तापलेलं दूध बाधलं."

बायांनी माना हलवल्या. तापलेलं दूध बाधतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं? कौसल्यानं खाली आपल्या छातीकडं बघितलं. गुत्त्यावर दगड मारायला न भिणारी म्या — तिथं भ्याले.

कौसल्या आजून आमच्याच घरात हाय. कुणी लेकुरवाळी रानातून आली की ही उंबऱ्यात आडवी. "आधी दूध पिळून टाक, मग पाज — म्या एक लेक घालवलीय." परवा माझ्या नातसुनेला बी हेच म्हणाली. म्या तिथंच शेंगा फोडत बसले होते. फोडतच राहिले.

आता उठते. ती वट्यावर बसलीय. माफी मागणार न्हाई — मागितली तर ती देऊन टाकील, तसलीच हाय ती. एवढंच सांगणार — कौसल्या, तुझं दूध चांगलं होतं. अफू माझी होती.