झाकण बसलं, तरी नापास

अन्याय झाला तो माझ्या मैत्रिणीवर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, लातुरात, आणि मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. तापलेल्या पत्र्याचा वास आला की ती दुपार आठवते, कारण आमचा कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्राचे भाग आखायचा, क्लास भूकंपानंतर ठोकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. परीक्षेत कॉम्प्युटरवर अख्खा जोडलेला पंप दिला होता आणि त्याला नवं झाकण बनवायचं होतं. पास होईल त्याला कारखान्यात जागा मिळणार होती, आणि अर्धापूरहून आलेल्या तिला ती न मिळाली तर घरी परतावं लागणार होतं. आम्ही सगळ्यांनी सरांच्या नोट्समधली पाठ केलेली मापं टाकून झाकण पंपापासून वेगळं आखलं. तिनं मात्र ते पंपातच, त्याच्या काठावरून आणि बोल्टच्या भोकांवरून आखलं. सर तिच्या मागं येऊन थांबले. "नोट्समधली मापं कुठंयत?" "पंपावरूनच घेतली, सर. पंप मोठा केला की झाकण आपोआप मोठं होतंय." "मला शिकवून राहिली का?" "न्हाई सर, करून बघा." सरांनी पंपाचा व्यास वाढवला. झाकण वाढलं, भोकं बरोबर बोल्टवर बसली. मग त्यांनी माझा पंप वाढवला, तर माझं झाकण तेवढंच राहिलं आणि आत पडलं. सगळा वर्ग ते बघत होता. "नोट्समध्ये असं न्हाई," म्हणत सरांनी तिला नापास केलं, मला पास. मी म्हणाले, "सर, हे चूक हाय," तर मला बाहेर काढलं. ती त्याच संध्याकाळच्या एसटीनं गेली. तुमचं पोरगं जाईल त्या क्लासात उद्या जा आणि सरांना तोंडावर सांगा: आधी एक माप बदलून बघा, मग मार्क द्या.